फील्ड इंजिनीअरचे काम आणि त्याच्या बढतीच्या वाटा : प्रस्तावना

महाराष्ट्रात 'आयटी' म्हटले की हिंजवडी, खराडी किंवा ऐरोली येथील काचेच्या इमारती आणि त्यांत बसून सॉफ्टवेअर लिहिणारा तरुण वर्ग डोळ्यांपुढे येतो, आणि गेल्या तीसएक वर्षांत मराठी समाजाने माहिती-तंत्रज्ञानाविषयी जे लिहिले, वाचले आणि आपल्या मुलांसाठी इच्छिले ते बहुतांशी याच वर्गाभोवती फिरत राहिले. त्या इमारतींबाहेर हे तंत्रज्ञान निराळ्या रूपात नांदते: तालुक्याच्या गावातील बँकशाखेचा पासबुक प्रिंटर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा संगणक, जिल्हा रुग्णालयातील केसपेपरची खिडकी, बाजारपेठेतील एटीएम, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र. ही यंत्रे बंद पडतात, आणि ती बंद पडली की पाठीला बॅग अडकवून मोटरसायकलीने किंवा एसटीने तिथवर जाणारा कोणीतरी असावा लागतो. व्यवसायात त्याला 'फील्ड इंजिनीअर' म्हणतात. त्याचे काम, त्या कामातून घडणारे कौशल्य आणि त्या कामातून बाहेर पडण्याच्या वाटा हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

आरंभी व्याप्ती स्पष्ट करणे आवश्यक आहे. फील्ड सपोर्ट म्हणजे ग्राहकाच्या जागी जाऊन संगणक, त्याला जोडलेली उपकरणे आणि नेटवर्क यांची मांडणी, दुरुस्ती व देखभाल करण्याचे काम. दूरध्वनीवरून किंवा दूरस्थ नियंत्रणाने मदत करणारा 'हेल्पडेस्क' आणि एकाच ग्राहकाच्या कार्यालयात रोज हजेरी लावणारा 'रेसिडेंट इंजिनीअर' हे या कामाचे निकटचे नातलग असून, माणसे या तिन्हींमध्ये सतत ये-जा करत असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. इंजिनीअर या पदनामामागे अभियांत्रिकीची पदवी असतेच असे नाही. बारावी, आयटीआय, पदविका किंवा साधी बी.एस्सी., बी.कॉम. पदवी आणि तिच्या जोडीला सहा महिने ते वर्षभराचा 'हार्डवेअर-नेटवर्किंग'चा अभ्यासक्रम अशी शिदोरी घेऊन यातले बहुसंख्य तरुण येतात. ग्राहकाच्या कार्यालयात मात्र तो 'इंजिनीअर आले' अशाच शब्दांत ओळखला जातो, आणि पगारपत्रकावर नसलेला हा मान त्याच्या कामाचा एक खरा भाग आहे.

या व्यवसायाकडे पाहताना एक विसंगती वारंवार समोर येते आणि ग्रंथाचे सूत्र तिच्याभोवतीच गुंफलेले आहे. फील्ड इंजिनीअरचे ज्ञान यंत्रापाशी तयार होते आणि यंत्रापाशीच उपयोगी पडते. त्याची किंमत मात्र त्याने यंत्रापासून दूर जायचे ठरवले तरच वाढते. वकिलाची प्रतिष्ठा वकिली करत राहिल्याने वाढते, गवंड्याचा अनुभव त्याच्या मजुरीत दिसतो, आणि फील्ड सपोर्टमध्ये पंधरा वर्षे निष्ठेने काम केलेला माणूस तीन वर्षांच्या अनुभवी माणसापेक्षा थोड्याच अधिक पगारावर आढळतो. त्यामुळे 'करिअर' या शब्दाचा या क्षेत्रातील रूढ अर्थ 'फील्डमधून सुटका' असा झाला आहे. हे असे का झाले, ते अपरिहार्य होते का आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न इतिहासात थोडे मागे गेल्याशिवाय सुटत नाहीत.

भारतात संगणक आला तेव्हा देखभाल करणारा हा त्या क्षेत्रातील कनिष्ठ माणूस नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला 'टिफ्रॅक' हा निर्वात नलिकांवर चालणारा संगणक ज्यांनी घडवला तीच माणसे त्याची देखभालही करत होती. पुढे परदेशी कंपन्यांची, मुख्यतः आयबीएमची, यंत्रे भाड्याने येऊ लागली आणि त्यांच्या देखभालीचे ज्ञान त्या कंपनीच्या भिंतींआड राहिले. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी भागभांडवलावर मर्यादा आणली, तिला मान्यता न देता आयबीएमने १९७८ साली भारतातील कारभार आवरला, आणि देशभरातील कार्यालयांत, संशोधन संस्थांत व कारखान्यांत चालू असलेल्या तिच्या यंत्रांचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर सरकारने आधीच, १९७५च्या अखेरीस, स्थापन केलेल्या कंपनीत होते. तिचे नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन', म्हणजे संगणक देखभाल महामंडळ, असे होते. पुढे सीएमसी या आद्याक्षरांनी प्रसिद्ध झालेल्या या कंपनीच्या अभियंत्यांनी एकाच छत्राखाली अनेक बनावटींची यंत्रे सांभाळली, आणि त्याच कंपनीने १९८५-८६च्या सुमारास दिल्लीत रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण उभे केले. ज्या देशाच्या संगणक उद्योगाचा एक आधारस्तंभ देखभालीच्या नावाने उभा राहिला, त्या देशात देखभाल हे दुय्यम काम ठरावे ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे.

बदल आला तो बँकांच्या आणि स्वस्त होत गेलेल्या यंत्रांच्या वाटेने. बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी १९८३ साली कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात करार झाला, पाठोपाठ रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने दिशा आखून दिली, आणि शाखाशाखांत 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणजे खातेवहीतील नोंदी करणारी यंत्रे दिसू लागली. त्यानंतर २००० नंतरच्या दशकात 'कोअर बँकिंग' आले. या व्यवस्थेत खात्याची माहिती शाखेतल्या यंत्रात न राहता मध्यवर्ती केंद्रात राहते आणि शाखा तारेने किंवा उपग्रहाच्या दुव्याने त्या केंद्राशी जोडलेली असते. ग्राहकाच्या दृष्टीने ही सोय झाली. फील्ड इंजिनीअरच्या दृष्टीने नादुरुस्तीचा अर्थच बदलला. पूर्वी एक यंत्र बंद पडले तर एक टेबल थांबत असे, आता दुवा तुटला की संपूर्ण शाखा थांबू लागली, काउंटरसमोर रांग साचू लागली, आणि आलेल्या माणसाला पेचकस हातात धरण्याआधी शाखाधिकाऱ्याच्या आणि खातेदारांच्या अस्वस्थतेला तोंड द्यावे लागू लागले.

याच काळात दुरुस्तीचे स्वरूपही बदलत गेले, आणि या बदलाने व्यवसायाचे भवितव्य जेवढे ठरवले तेवढे दुसऱ्या कशानेही ठरवले नसेल. जुन्या दुरुस्तीला व्यवसायात 'चिप लेव्हल' म्हणतात: मदरबोर्ड म्हणजे संगणकाचा मुख्य फलक, त्यावरचा नेमका कोणता घटक गेला आहे हे मल्टिमीटरने आणि आकृती पाहून शोधायचे, तो उतरवायचा, नवा डागायचा. नव्या पद्धतीला 'कार्ड लेव्हल' म्हणतात: सदोष फलक संपूर्ण काढायचा, त्याजागी दुसरा बसवायचा आणि जुना परत पाठवायचा. यंत्रे महाग होती आणि सुटे भाग मिळवणे कठीण होते तोवर पहिली पद्धत फायद्याची होती. यंत्रे स्वस्त झाली आणि माणसाचा वेळ हाच खर्चाचा मोठा भाग ठरला तेव्हा दुसरी पद्धत सर्वमान्य झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये चिप लेव्हलचे कारागीर आजही आहेत आणि लॅपटॉपच्या दुरुस्तीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु संघटित सेवा कंपन्यांनी फलक बदलण्याच्या पद्धतीवर आपली सारी रचना उभी केली, आणि त्या रचनेने असे गृहीत धरले की भाग बदलायला फारसे ज्ञान लागत नाही.

हे गृहीतक चुकीचे आहे, आणि ते का चुकीचे आहे हे या विषयाच्या अभ्यासात सर्वांत महत्त्वाचे आहे. भाग बदलणे सोपे असेल. कोणता भाग बदलायचा, किंवा भाग बदलायचाच नाही, हे ठरवणे सोपे नाही. तक्रार नोंदवली जाते ती 'मशीन चालत नाही', 'नेट गेले', 'सिस्टीम फार स्लो आहे', 'मध्येच हँग होते' अशा शब्दांत, आणि ही वाक्ये यंत्राचे वर्णन करण्यापेक्षा अडलेल्या माणसाचे वर्णन अधिक करतात. 'मशीन चालत नाही' याचा अर्थ वीजपुरवठा करणारा एसएमपीएस जळाला असा असू शकतो, मॉनिटरची तार सैल झाली असा असू शकतो, रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडांवर दमटपणाने थर जमला असून ती खोडरबराने घासून पुन्हा बसवली की पुरेल असाही असू शकतो, आणि पासवर्ड विसरल्याचे चारचौघांत सांगायचा संकोच वाटला असाही असू शकतो. इंजिनीअरला इंग्रजीतील नियमपुस्तिका, राष्ट्रीय हेल्पडेस्कशी हिंदीतून होणारे बोलणे आणि समोरच्या लिपिकाची वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी वळणाची मराठी या तिन्हींतून एकच दोष ओळखायचा असतो.

त्यात भर पडते ती जागेची. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले यंत्र लातूरच्या मे महिन्यात वेगळे वागते. इमारतीच्या अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा करून, मीठ आणि कोळसा घालून पट्टी पुरलेली असते. उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा पडला की अर्थिंग निकामी होते, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज वाढतो, आणि एकाच शाखेत महिन्याभरात तीन मदरबोर्ड जातात. कार्ड लेव्हलच्या हिशोबाने हे तीन स्वतंत्र कॉल असून ते तीनही यशस्वीपणे 'क्लोज' झालेले असतात. अनुभवी इंजिनीअर तिसऱ्या खेपेस बोर्डाऐवजी मल्टिमीटर बाहेर काढतो, खड्ड्यात पाणी घालायला सांगतो आणि चौथा कॉल येऊ देत नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वळवाच्या पावसातील विजा दूरध्वनीच्या किंवा नेटवर्कच्या तारेतून आत शिरून स्विचची तोंडे जाळतात. धान्याच्या गोदामाशेजारच्या कार्यालयात उंदीर तारा कुरतडतात. पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या पतसंस्थेत पंख्यांवर असा थर बसतो की संगणक तापून आपोआप बंद होतो. हे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, कारण ते यंत्राविषयी नसून यंत्र आणि जागा यांच्या संबंधाविषयी आहे.

ज्ञानाच्या या प्रकाराचा सर्वांत सखोल अभ्यास भारतात नव्हे तर अमेरिकेत झाला. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी फोटोकॉपी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून, त्यांच्या भेटी, त्यांचे जेवणाच्या वेळचे बोलणे आणि त्यांचे ग्राहकांशी असलेले संबंध यांची नोंद केली. 'टॉकिंग अबाउट मशिन्स' हे त्यांचे पुस्तक १९९६ साली प्रसिद्ध झाले. कंपनीने दिलेल्या निदान-पुस्तिकेत पायरीपायरीने दोष शोधण्याची पद्धत होती, आणि प्रत्यक्षात बिकट दोष सुटत होते ते तंत्रज्ञांनी एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींमुळे, असे ऑर यांना आढळले. व्यवस्थापनाला जो गप्पांत गेलेला वेळ वाटत होता तो कामाचाच गाभा होता. पुढे झेरॉक्सने तंत्रज्ञांनी शोधलेले उपाय त्यांच्या नावानिशी नोंदवणारी आणि सहकाऱ्यांनी पडताळलेली 'युरेका' नावाची संगणकीय नोंदवही उभारली. या उदाहरणाला येथे मोठे स्थान देण्याचे कारण असे की महाराष्ट्रातील फील्ड इंजिनीअरांचे व्हॉट्सअॅप गट आज नेमके हेच काम करत आहेत: जळालेल्या पोर्टचे छायाचित्र, एररचा क्रमांक, 'कोणाला आला होता का हा प्रॉब्लेम' असा प्रश्न आणि काही मिनिटांत आलेली तीन उत्तरे. फरक इतकाच की या नोंदी कोणत्याही कंपनीच्या ज्ञानसंग्रहात जात नाहीत आणि उत्तर देणाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्यांचा उल्लेख होत नाही.

मूल्यमापन होते ते दुसऱ्याच गोष्टीचे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, त्या नोंदीला 'टिकेट' किंवा जुन्या वळणाने 'कॉल' म्हणतात, आणि ग्राहकाशी झालेल्या सेवा-स्तर करारानुसार, म्हणजे ज्याला सर्वजण 'एसएलए' म्हणतात त्यानुसार, तो किती वेळात मिटला पाहिजे हे ठरलेले असते: कुठे चार तास, कुठे पुढील कामकाजाचा दिवस. वेळ चुकली तर सेवा कंपनीला दंड होतो आणि तो दंड या ना त्या रूपाने खाली झिरपतो. मुंबईच्या नरिमन पॉइंटमधील चार तास आणि गडचिरोलीहून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या सिरोंचातील चार तास यांत करार क्वचितच नीट भेद करतो. पूर्वी काम झाल्यावर कार्बन कागद घातलेल्या सर्व्हिस रिपोर्टवर ग्राहकाची सही-शिक्का घेतला जाई; आता मोबाइलवरील अॅपमध्ये पोहोचल्याचे ठिकाण आपोआप नोंदते आणि ग्राहकाच्या फोनवर आलेला ओटीपी टाकल्याशिवाय कॉल बंद होत नाही. दिवसाला किती कॉल बंद केले हा आकडा वर जातो. किती कॉल येऊच दिले नाहीत हा आकडा कोठेही नसतो, आणि असूही शकत नाही. त्यामुळे अर्थिंगचा खड्डा भरून घेणारा इंजिनीअर आकड्यांत बोर्ड बदलत राहणाऱ्यापेक्षा मागे पडतो.

वेतनाचा प्रश्न या मापनपद्धतीइतकाच कंत्राटाच्या उतरंडीशी बांधलेला आहे. यंत्र बनवणारी कंपनी वॉरंटीच्या काळातील सेवेचे काम एका राष्ट्रीय सेवा कंपनीला देते, ती जिल्ह्यापुरते काम स्थानिक फ्रँचायझीला देते, आणि फ्रँचायझी दोन-चार मुले ठेवते. वॉरंटी संपल्यावर ग्राहक वार्षिक देखभाल करार करतो, त्याला 'एएमसी' म्हणतात, आणि बँका व सरकारी कार्यालये तो निविदा काढून सर्वांत कमी बोलीवर देतात. बोली कमी करायची तर सुटे भाग, प्रवास आणि माणूस या तिघांपैकी माणसावरचा खर्च सर्वांत सहज कापता येतो. इंजिनीअर ज्या कंपनीचा शर्ट घालतो, ज्या कंपनीचे यंत्र दुरुस्त करतो आणि ज्या कंपनीकडून पगार घेतो त्या अनेकदा तीन वेगळ्या कंपन्या असतात. पेट्रोलचे पैसे किलोमीटरच्या दराने मिळतात आणि मोटरसायकलीची झीज त्याच्या स्वतःच्या खात्यात जाते.

कायद्याने तो कामगार आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कामगाराच्या व्याख्येत कुशल आणि तांत्रिक काम स्पष्टपणे येत असे, आणि पदनाम काय आहे यापेक्षा प्रत्यक्ष काम काय आहे याला न्यायालयांनी महत्त्व दिले आहे. परंतु 'इंजिनीअर' या पदनामामुळे त्याला स्वतःलाच आपण कामगार आहोत असे वाटत नाही, संघटना उभी राहत नाही, आणि जिल्हाभर विखुरलेली माणसे एका दारापाशी कधी एकत्र जमतही नाहीत. निविदा बदलली की होणारी घडामोड याहून गंभीर आहे: नवा कंत्राटदार येतो, जुना जातो, आणि तोच इंजिनीअर त्याच शाखांत, त्याच यंत्रांवर, नव्या पगारदात्याकडे नव्याने रुजू होतो. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने हक्कासाठी पाच वर्षांची सलग सेवा मागितली होती, आणि दर तीन वर्षांनी पेरोल बदलणाऱ्या माणसाच्या हाती ती क्वचितच लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेनंतर हा हक्क दिला आहे; त्याची अंमलबजावणी लहान फ्रँचायझींपर्यंत पोहोचणे हे या व्यवसायातील माणसांसाठी कोणत्याही नव्या प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे ठरेल.

आता वाटांविषयी. सर्वाधिक चोखाळलेली वाट फील्डमधून रेसिडेंट इंजिनीअर, तेथून डेस्कटॉप सपोर्ट, तेथून नेटवर्क किंवा सर्व्हर सांभाळणारा प्रशासक आणि अलीकडे क्लाउड अशी जाते. क्लाउड म्हणजे संगणनशक्ती व साठवण स्वतःकडे न ठेवता मोठ्या केंद्रातून भाड्याने घेण्याची व्यवस्था. या वाटेवरचे टोलनाके म्हणजे प्रमाणपत्रे: संगणक दुरुस्तीसाठी कॉम्पटिया ए प्लस, नेटवर्कसाठी सिस्कोचे सीसीएनए, लिनक्ससाठी रेड हॅटची परीक्षा. ही प्रमाणपत्रे निरर्थक नाहीत; राउटिंग म्हणजे माहितीचा तुकडा एका जाळ्यातून दुसऱ्यात कसा जातो हे ज्याने नीट अभ्यासले तो 'नेट गेले' या तक्रारीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मात्र परीक्षेची फी, इंग्रजी आणि मुख्य म्हणजे वेळ या तीन अडचणी असतात, आणि दिवसभर दीडशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाने रात्री सबनेटिंगची गणिते सोडवावीत ही अपेक्षा करणाऱ्यांनी तिची कठोरता कधी जोखलेली नसते. जे हे करून दाखवतात त्यांच्या चिकाटीविषयी अपार आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

दुसरी वाट स्वतःच्या दुकानाची. तालुक्याच्या गावात गाळा घ्यायचा, प्रिंटरची कार्ट्रिज भरायची, असेंबल्ड मशीन विकायची, आणि सीसीटीव्ही बसवायचे. कॅमेऱ्यांच्या कामाने या वाटेला नवा जीव दिला. तारा टाकणे, वीजपुरवठा, नेटवर्क आणि नोंदणीपेटी ही सारी कामे फील्ड इंजिनीअरला आधीपासून येत होती, आणि शाळा, सराफ, सहकारी सोसायट्या असा ग्राहक दाराशी होता. येथे माणूस यंत्रापासून दूर न जाता वर जातो, आणि अशी ही जवळजवळ एकमेव वाट आहे. उधारी वसूल करणे, ऑनलाइन विक्रीच्या दरांशी टक्कर देणे आणि जीएसटीची विवरणपत्रे भरणे हे तिचे मोल. तिसरी वाट व्यवस्थापनाची, म्हणजे कॉल वाटून देणारा समन्वयक आणि मग सेवा व्यवस्थापक. चौथी वाट अलीकडची आहे: नवी मुंबईत ऐरोली आणि महापे परिसरात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांत परदेशी किंवा दूरच्या ग्राहकाच्या सूचनेवरून प्रत्यक्ष हात लावणारा माणूस लागतो, या कामाला 'रिमोट हँड्स' किंवा 'स्मार्ट हँड्स' म्हणतात. तेथे वातानुकूलन आणि पाळ्या आहेत, वळवाचा पाऊस नाही. कोकणातून आखाती देशांत जाणारी वाट, हार्डवेअर शिकवणाऱ्या संस्थांत शिक्षक होण्याची वाट, आणि सरळ स्पर्धापरीक्षा देऊन सरकारी नोकरीत जाण्याची वाट यांचा येथे केवळ उल्लेख पुरे.

स्त्रिया या साऱ्या वाटांवर वेगळ्या ठिकाणी भेटतात. हार्डवेअरच्या वर्गांत मुली शिकतात, हेल्पडेस्कवर आणि समन्वयकाच्या खुर्चीवर त्या मोठ्या प्रमाणात दिसतात, परंतु प्रत्यक्ष फील्डवर त्यांची संख्या अल्प आहे. याचे कारण म्हणून वजन उचलण्याचा मुद्दा पुढे केला जातो, पण यूपीएसची बॅटरी पुरुषही एकट्याने उचलू नये अशीच असते. खरी कारणे रात्री उशिराचे कॉल, रस्त्यावर स्वच्छतागृह नसणे आणि अनोळखी जागी एकट्याने जाण्यातील असुरक्षितता ही आहेत, आणि ती तंत्रज्ञानाशी निगडित नसून दोन माणसांची जोडी पाठवण्याचा खर्च टाळण्याशी निगडित आहेत.

या व्यवसायाचा अंत जवळ आला आहे असे भाकीत दर काही वर्षांनी केले जाते. दूरस्थ नियंत्रणाची साधने आली, हलते भाग नसलेल्या एसएसडीमुळे डिस्क बिघडण्याचे प्रमाण घटले, लॅपटॉपमध्ये रॅम फलकावरच डागून येऊ लागली, आणि डेस्कटॉपचे कॉल खरोखर कमी झाले. तरीही मोठे प्रसंग आले तेव्हा हीच माणसे लागली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नव्या नोटांचा आकार जुन्यांहून लहान असल्यामुळे देशातील दोन लाखांहून अधिक एटीएमांची पेटी उघडून कॅसेट नव्या मापाला जुळवून घ्यावी लागली. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी कृतिदल नेमले, पण प्रत्येक यंत्रासमोर एक माणूस उभा राहिल्याशिवाय ते काम होण्याजोगे नव्हते, आणि तो माणूस दाराबाहेरच्या रांगेच्या संतापातून वाट काढत आत जात होता. मार्च २०२०च्या टाळेबंदीत बँका, रुग्णालये आणि घरून काम करू लागलेली कार्यालये चालू राहिली ती परवाना खिशात ठेवून रिकाम्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या याच मुलांमुळे. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली, भारतातील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले, तेव्हा यंत्र सुरूच होत नसल्यामुळे दूरस्थ साधने निरुपयोगी ठरली. असंख्य यंत्रांपुढे बसून, ती सेफ मोडमध्ये चालू करून, एक फाइल पुसावी लागली. दूरस्थ मदत ही यंत्र जिवंत असेपर्यंतच शक्य असते, ही साधी गोष्ट त्या दिवशी मोठमोठ्या कंपन्यांच्या ध्यानात आली.

म्हणून प्रश्न व्यवसाय टिकण्याचा नसून त्यात टिकणाऱ्या माणसाचा आहे. फील्डमध्येच राहून वरिष्ठ होण्याची पायरी निर्माण करता येते का, हा विचार धोरणकर्त्यांनी अर्धवट केला आहे. राष्ट्रीय कौशल्य विकासाच्या चौकटीत संगणक व जोडउपकरणांच्या फील्ड टेक्निशियनसाठी स्वतंत्र पात्रता ठरवलेली आहे, परंतु ती प्रवेशाची पायरी आहे; दहा वर्षांनंतरच्या माणसाची पायरी निविदांच्या अटींत असावी लागेल. जिल्ह्यामागे एक ज्येष्ठ फील्ड तज्ज्ञ असावा, वारंवार येणाऱ्या दोषाचे मूळ शोधणे हे त्याचे मोजले जाणारे काम असावे, आणि त्याचा दर सामान्य भेटीच्या दराहून वेगळा असावा, इतकी अट सरकारी बँकांच्या आणि जिल्हा मध्यवर्ती बँकांच्या देखभाल-निविदांत आली तरी चित्र बदलू लागेल.

अभ्यासकाला, आणि स्वतः इंजिनीअरलाही, यात एक व्यावहारिक अडचण येते, तिचा निर्देश करून विषयप्रवेश पुरा करणे योग्य ठरेल. नोकरी बदलताना फील्ड इंजिनीअरच्या हाती जे अनुभवपत्र पडते त्यात पदनाम आणि दोन तारखा असतात. त्याने कोणते दोष शोधले, कोणत्या बनावटींची यंत्रे हाताळली, किती शाखा एकट्याने उभ्या केल्या याचा त्यात मागमूस नसतो. ही सारी माहिती कॉलच्या नोंदींत असते आणि त्या नोंदी सेवा कंपनीच्या मालकीच्या असतात. करार संपला की जुन्या अॅपचा प्रवेश बंद होतो आणि कागदी सर्व्हिस रिपोर्टचे गठ्ठे रद्दीत जातात. त्यामुळे मुलाखतीला बसलेला पंधरा वर्षांचा अनुभवी माणूस आपले ज्ञान तोंडी सांगतो आणि समोरचा त्याच्याकडे प्रमाणपत्र मागतो. ग्राहकाची गोपनीय माहिती वगळून प्रत्येक इंजिनीअरला त्याने सोडवलेल्या कॉलचा गोषवारा नोकरी सोडताना मिळावा, ही मागणी तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे, कारण ती माहिती आजच्या प्रत्येक टिकेट-प्रणालीत आधीच साठवलेली असते. पुढील प्रकरणांत अशा गोषवाऱ्याचा एक नमुना, त्यात कोणते रकाने असावेत आणि कोणते नसावेत याच्या चर्चेसह, मांडला आहे.